पथिक कादंबरीकार बिभूतिभूषण



१९२५ सालच्या एप्रिल महिन्याची ३ तारीख. बिहारमधील भागलपूर येथे एका बंगाली जमीनदाराच्या कचेरीत साहाय्यक व्यवस्थापक म्हणून नोकरीस असलेल्या तीस वर्षांच्या एका गृहस्थाने त्या दिवशी एक कादंबरी लिहावयास घेतली. दिवसा त्याच्या पुढ्यात असत त्या खंडाच्या वह्या, जमिनीचे नकाशे आणि पट्ट्यासाठी तिष्ठत बसलेली रयत. कामानिमित्त घोड्यावर बसून तो निर्मनुष्य रानातून मैलोन् मैल हिंडे. असा मनुष्य लिहावयास बसला तर तो त्या रानाविषयीच लिहील, असे कोणासही वाटावे. त्याच्या कागदावर मात्र उतरू लागले ते दूर बंगालातील एक खेडे, त्यातील बांबूची बने, पडझड झालेले एक घर आणि त्या घरातील दोन मुले. तीन वर्षांनी, २६ एप्रिल १९२८ रोजी, हे लेखन पुरे झाले. ती कादंबरी म्हणजे ‘पथेर पांचाली’ आणि ते गृहस्थ म्हणजे बिभूतिभूषण बंद्योपाध्याय.

ज्या अरण्यात ही कादंबरी लिहिली गेली, त्या अरण्याची कादंबरी त्यांनी लिहिली ती त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, कलकत्त्याच्या गर्दीत राहून. रानात असताना गाव आणि शहरात असताना रान! प्रवासाने लेखकाला नवे विषय मिळतात, असे आपण नेहमी म्हणतो. बिभूतिभूषणांच्या बाबतीत प्रवासाने दिले ते अंतर. मागे सोडून आलेली गोष्टच त्यांना लिहिता येत असे, आणि ती सोडून आल्याची टोचणीही त्या लेखनात उतरत असे.

बिभूतिभूषणांचा जन्म १२ सप्टेंबर १८९४ रोजी मुरातिपूर या गावी, आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव बराकपूर. वनग्रामजवळच्या गोपाळनगरनजीक, इच्छामती नदीच्या काठी वसलेले हे खेडे त्या वेळी जेसोर जिल्ह्यात मोडत असे. आज तो भाग पश्चिम बंगालच्या उत्तर चोवीस परगणा जिल्ह्यात आहे. वडील महानंद हे संस्कृतज्ञ होते. पौरोहित्य आणि ‘कथकता’ हा त्यांचा व्यवसाय. आपल्याकडील कथेकरीबुवा आणि पुराणिक यांच्याशी नाते सांगणारी ही बंगालातील परंपरा आहे. कथकाने गावोगाव जावे, पुराणातील आख्याने रसाळपणे सांगावीत आणि जी दक्षिणा मिळेल ती घेऊन घरी यावे. ती कधी मिळे, कधी मिळत नसे. महानंद बाहेरगावी असले की घर चालवण्याचा भार पत्नी मृणालिनीदेवींवर येई. पाच भावंडांत बिभूतिभूषण थोरले. वाट पाहणाऱ्या घरात वाढलेल्या या मुलाला वाटेची ओढ लागली ती मात्र पित्याकडूनच.

शाळेत असतानाच पित्याचे छत्र हरपले. वनग्रामच्या शाळेतून प्रवेशपरीक्षा आणि कलकत्त्याच्या रिपन कॉलेजातून १९१८ मध्ये बी.ए., असे शिक्षण त्यांनी हलाखीतच पुरे केले. विद्यार्थिदशेतच गौरीदेवींशी त्यांचा विवाह झाला होता. जेमतेम वर्ष लोटले आणि गौरीदेवी निवर्तल्या. त्यानंतर सुमारे बावीस वर्षे बिभूतिभूषण एकटेच राहिले. या दुःखाविषयी त्यांनी फारसे जाहीरपणे लिहिले नाही. पण त्यांच्या नायकांच्या आयुष्यातही अशीच अल्पकाळ सोबत करून गेलेली माणसे वारंवार भेटतात.

पोटासाठी त्यांनी मास्तरकी धरली. प्रथम हुगळी जिल्ह्यातील जांगीपाडा, नंतर कलकत्त्याच्या दक्षिणेचे हरिनाभी. लेखनाचा आरंभ हरिनाभीस झाला आणि तोही काहीशा गमतीने. तेथील एका खटपट्या तरुणाने या अबोल मास्तरांचे पुस्तक लवकरच प्रसिद्ध होणार, अशा जाहिराती गावभर लावून टाकल्या, असे स्वतः बिभूतिभूषणांनीच पुढे सांगितले आहे. पुस्तकाचा पत्ता नव्हता. लोक विचारू लागले, तेव्हा निदान एखादी कथा तरी लिहिणे भाग पडले. ती ‘उपेक्षिता’ ही कथा १९२२ मध्ये ‘प्रवासी’ या प्रतिष्ठित मासिकात आली.

यानंतरची त्यांची नोकरी मोठी विलक्षण होती. केशोराम पोद्दार या धनिक व्यापाऱ्याच्या गोरक्षणी सभेचे प्रचारक म्हणून ते फिरू लागले. गोरक्षणावर व्याख्याने देत पूर्व बंगाल, त्रिपुरा, आराकान असा दूरदूरचा प्रदेश त्यांनी पाहिला. व्याख्यानांचा परिणाम काय झाला असेल तो असो. त्या भटकंतीतील माणसे आणि नद्या ‘अभियात्रिक’ या त्यांच्या प्रवासवर्णनात सुखरूप राहिल्या. पुढे पाथुरियाघाटच्या घोष घराण्यात शिकवणी, आणि त्याच घराण्याने जमीनदारीच्या कामावर केलेली भागलपूरची रवानगी, असा हा क्रम आहे. यातील एकही प्रवास त्यांनी साहित्यासाठी म्हणून केलेला नाही. रेल्वेचे भाडे दुसऱ्याचे असे आणि काम दुसऱ्याचे असे. पाहणे तेवढे स्वतःचे.

‘पांचाली’ म्हणजे बंगालमधील पदबद्ध आख्यान. तेव्हा ‘पथेर पांचाली’ म्हणजे वाटेचे आख्यान. वडिलांनी देवादिकांची आख्याने सांगितली, मुलाने वाटेचे सांगितले. कादंबरीतील हरिहर हा पौरोहित्य करणारा, काही लिहिण्याची आकांक्षा बाळगणारा आणि कुटुंबाला मागे ठेवून महिनोन् महिने बाहेर राहणारा गृहस्थ आहे. त्याच्यात महानंदांची छाया स्पष्ट दिसते. हरिहरावर लेखकाने राग धरलेला नाही, पण त्याला सोडूनही दिलेले नाही. तो पैसे मिळवण्यासाठी दूर गेलेला असताना घरी त्याची मुलगी दुर्गा आजारी पडते आणि मरते. परत येताना त्याने मुलीसाठी आणलेली वस्तू त्याच्या हातातच राहते. पित्याविषयीचे प्रेम आणि पित्याच्या गैरहजेरीची किंमत या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात मांडणे सोपे नाही. त्यासाठी ते घर पुरेसे दूर जाऊन पाहावे लागते.

या दुर्गेची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. कादंबरीच्या पहिल्या लेखनात दुर्गा नव्हतीच. भागलपुरास असताना एके दिवशी बिभूतिभूषणांना विस्कटलेल्या केसांची एक मुलगी दिसली. तिच्या डोळ्यांत काही असे होते की या मुलीवाचून आपली कादंबरी निर्जीव आहे, अशी त्यांची खात्री पटली. लिहिलेले बाजूला सारून त्यांनी पुन्हा नव्याने लेखन केले आणि अपूला बहीण मिळाली. परक्या मुलखातील एका अनोळखी मुलीने त्यांच्या बालपणाच्या गावात प्रवेश केला, आणि आज ती नसलेली ‘पथेर पांचाली’ आपण कल्पूही शकत नाही. आठवण आणि प्रवास यांची गाठ त्यांच्या लेखनात अशी पडलेली आहे.

ही कादंबरी १९२८-२९ मध्ये उपेंद्रनाथ गंगोपाध्याय यांच्या ‘विचित्रा’ मासिकातून क्रमशः आली, आणि १९२९ मध्ये सजनीकांत दास यांनी ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पुढे सत्यजित राय यांनी पश्चिम बंगाल सरकारच्या अर्थसाहाय्याने तिच्यावर चित्रपट केला. १९५५ मध्ये तो प्रदर्शित झाला आणि ही वाट जगभर पोहोचली. चित्रपटातील काशफुलांच्या रानातून आगगाडी पाहावयास धावणारी भावंडे कोण विसरेल? कादंबरीतील दुर्गेला मात्र आगगाडी अखेरपर्यंत पाहावयास मिळत नाही. आजारी असताना ती धाकट्या भावाला आगगाडी दाखवशील ना, असे विचारते. नंतर अपू स्वतः आगगाडीत बसून गाव सोडतो, तेव्हा त्या न पाळलेल्या शब्दाची त्याला आठवण होते. ज्याला जावयास मिळाले त्याने, ज्याला मिळाले नाही त्याचे देणे बरोबर घेऊन जावे, अशी ही यात्रा आहे. तिचा पुढचा भाग ‘अपराजितो’ १९३२ मध्ये ग्रंथरूपाने आला. तो काहीसा पसरट आहे, हे मान्य करावयास हवे. पण अपूची भूक, शहरातील एकटेपणा आणि आईपासून हळूहळू दुरावत जाणे यांचे त्यातील चित्रण फार प्रामाणिक आहे. आईच्या मृत्यूची वार्ता ऐकताच अपूच्या मनात क्षणभर सुटकेची भावना चमकून जाते, हे लिहावयास धैर्य लागते.

आता त्या अरण्याकडे वळू.

भागलपूरच्या वास्तव्यात बिभूतिभूषण नियमाने रोजनिशी लिहीत. ‘स्मृतीर रेखा’ या नावाने ती पुढे प्रसिद्ध झाली. १९२८ च्या फेब्रुवारीतील एका नोंदीत, या रानातील कठोर, गरीब आणि मोकळ्या जीवनावर आपण काहीतरी लिहिणार, असा संकल्प त्यांनी नोंदवला आहे. म्हणजे ‘पथेर पांचाली’ हातावेगळी होण्याआधीच दुसऱ्या कादंबरीचे बीज पडले होते. ते रुजावयास मात्र ते रान सुटावे लागले. कलकत्त्यास परतून शाळामास्तर झालेल्या बिभूतिभूषणांची ‘आरण्यक’ १९३७ पासून ‘प्रवासी’त येऊ लागली आणि १९३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

या कादंबरीचा निवेदक सत्यचरण हा कलकत्त्यातील बेकार पदवीधर. त्याला जंगल महालाच्या व्यवस्थापकाची नोकरी मिळते, ती कशासाठी हे पाहण्यासारखे आहे. ही जमीन तीस वर्षांपूर्वी गंगेने गिळलेली. पुढे नदीचे पात्र सरकले, मळई वर आली आणि तिच्यावर रान माजले. ज्यांच्या वाडवडिलांची ती शेती होती ते जुने कुळवाडी अन्यत्र पांगलेले होते. ती परत मिळावी अशी त्यांची अपेक्षा. जमीनदारास मात्र नव्या कुळांकडून मिळणारा भरघोस नजराणा आणि वाढीव खंड हवा होता. तेव्हा सत्यचरणाचे काम एकच : रान तोडवून जमीन नव्या लोकांना वाटून देणे.

सुरुवातीस हा शहरी तरुण त्या एकांताला कंटाळतो आणि कलकत्त्याच्या आठवणीने व्याकूळ होतो. मग ते चांदणे, तो वाऱ्याचा आवाज, ती दूरवर पसरलेली गवताळ कुरणे त्याच्यावर हळूहळू अशी काही मोहिनी घालतात की शहरात परतण्याची कल्पना त्याला नकोशी होते. पण बिभूतिभूषण केवळ निसर्गाचे स्तोत्र गात बसत नाहीत. त्या रानातील माणसे काय खातात, हे त्यांनी नोंदवले आहे. मक्याचे सातू आणि चीना नावाच्या गवताचे दाणे हे तेथील गरिबाचे अन्न. भात ही चैन. कचेरीत भात शिजणार एवढे कळताच कडाक्याच्या थंडीत दूरदूरच्या वस्त्यांवरून माणसे चालत येतात. भुकेचे असे चित्र काढणाऱ्या लेखकाला, रान तोडून शेती होऊ नये असे सरळ म्हणता येणार नाही, आणि ते तो म्हणतही नाही. जमीन नांगरली गेली तर कोणाच्या तरी घरी धान्य येईल. ते कोणाच्या घरी येईल, हा प्रश्न मात्र तो सोडीत नाही. सत्यचरण काही गरजू माणसांना नजराण्यावाचून जमीन देण्याची खटपट करतो. तरी बहुतेक जमीन अखेर ऐपतदारांच्याच वाट्याला जाते.

या कादंबरीतील माणसे वाचकाच्या मनात घर करून राहतात. जुगलप्रसाद नावाचा एक वेडा पीर आहे. दूरवरून फुलझाडांच्या बिया आणि वेली आणून तो रानात लावत फिरतो. ती जमीन त्याची नाही, त्या फुलांपासून त्याला एक पैचीही प्राप्ती नाही. सत्यचरण जंगल तोडून घेण्याच्या कामाचा पगार घेतो आणि सवड मिळताच सरस्वती कुंडीच्या काठी या माणसासोबत झाडे लावतो. या विसंगतीवर लेखकाने भाष्य केलेले नाही. त्याची गरजही नाही. तेथील भानुमती ही राजकन्या आहे. तिच्या घराण्याचे राज्य केव्हाच लयास गेले आहे आणि तिचा वृद्ध पणजोबा गुरे राखतो. तरीही हा तरुण व्यवस्थापक त्याला राजाचा मान देतो.

आणि टांडबारो! रानम्हशींचा रक्षक असा हा एक देव. शिकाऱ्यांनी खणलेल्या खड्ड्याकडे कळप येऊ लागला की हा देव हात वर करून आडवा उभा राहतो आणि जनावरांना मागे फिरवतो, अशी तेथील लोकांची श्रद्धा. पुष्कळ वर्षांनी कलकत्त्याच्या रस्त्यावर एक गाडीवान म्हशीला निर्दयपणे मारीत असलेला सत्यचरण पाहतो आणि त्याला त्या देवाची आठवण येते. हे अरण्य नव्हे. येथे टांडबारो कोठून येणार? सबंध कादंबरीतील वियोग या एका लहानशा प्रसंगात साठला आहे.

अखेरीस रान संपते. कुरणांच्या जागी दाटीवाटीने उभ्या राहिलेल्या झोपड्या आणि शेते मागे टाकून सत्यचरण परत निघतो, तेव्हा तो त्या आदिम वनदेवतांची क्षमा मागतो. वनसंरक्षण आणि पर्यावरण हे शब्द सर्वांच्या तोंडी होण्याच्या कितीतरी आधी लिहिलेली ही कादंबरी आहे. तिचे खरे मोल असे की दोष दुसऱ्याच्या माथी मारून ती मोकळी होत नाही. ज्याच्या सहीने पट्टे दिले गेले, तोच येथे बोलतो आहे. आणि ती कचेरी लेखकाने वर्षानुवर्षे स्वतः सांभाळलेली होती.

प्रवासाची ही ओढ किती अनावर होती याची साक्ष म्हणजे १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘चांदेर पाहाड’ ही किशोरांसाठीची कादंबरी. शंकर नावाचा खेड्यातला बंगाली मुलगा आफ्रिकेत रेल्वेच्या नोकरीवर जातो आणि हिऱ्यांच्या शोधात दुर्गम डोंगरांत शिरतो. बिभूतिभूषणांनी आफ्रिका कधीच पाहिली नव्हती! हॅरी जॉन्स्टन, रोझिटा फोर्ब्ज यांच्यासारख्या प्रवाशांच्या ग्रंथांचा आधार घेऊन त्यांनी तो मुलूख उभा केला. बंगाली मुलांच्या किती पिढ्यांनी या पुस्तकावर झोप उडवून घेतली असेल, कोण जाणे. उलट, त्यांच्या गावाजवळून जाणारा लोहमार्ग ज्या राणाघाट जंक्शनला मिळतो, तेथील खाणावळीत राबणारा एक आचारी त्यांना तितकाच पुरेसा वाटला आणि त्याच्यावर ‘आदर्श हिंदू हॉटेल’ ही कादंबरी झाली. दूर आणि जवळ यांत त्यांनी भेद केला नाही.

घर त्यांना मिळाले ते उशिरा. १९४० च्या डिसेंबरात त्यांनी रमादेवींशी विवाह केला. घरात त्यांना कल्याणी म्हणत. कलकत्ता सोडून ते गावाकडे राहावयास गेले आणि गोपाळनगरच्या शाळेत शिकवू लागले. छोटा नागपूरच्या सीमेवर, सुवर्णरेखा नदीजवळ घाटशिला येथेही त्यांचे घर होते. त्याला त्यांनी नाव दिले ‘गौरीकुंज’. दिवंगत प्रथम पत्नीचे नाव घरावर आणि त्या घरात रमादेवींचा संसार. या घरातून सिंहभूमची, सारंडाची रानावनांची वाट जवळ होती. त्या भटकंतीची फळे म्हणजे ‘वने पाहाडे’ आणि ‘हे अरण्य कथा कओ’ ही पुस्तके. १९४७ मध्ये त्यांना पुत्र झाला, तारादास. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, जे आयुष्यभर कागदावर रंगवले ते अपत्यसुख त्यांच्या घरात आले.

१९४३ चा भीषण दुष्काळ त्यांनी ‘अशनि संकेत’ मध्ये टिपला; त्याविषयी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. १९५० मध्ये ‘इच्छामती’ आली. निळीच्या मळेवाल्यांच्या काळातील त्या नदीकाठची ही कथा आहे. ज्या पाण्याकाठी ते वाढले, तिकडे लेखणी पुन्हा वळली होती. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी घाटशिला येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न. ‘इच्छामती’ला रवींद्र पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात. सत्यजित राय ‘पथेर पांचाली’च्या चित्रपटाची परवानगी मागावयास आले, तेव्हा ती देण्यासाठी रमादेवीच उरल्या होत्या.

‘अपराजितो’च्या शेवटी अपू आपल्या लहानग्या मुलाला, काजलला, गावी रानूदीदीच्या स्वाधीन करतो आणि स्वतः दूरच्या समुद्रप्रवासाला निघून जातो. कथक पिता घर सोडून जात असे, तसाच. पित्याच्या मृत्यूसमयी तारादास तीन वर्षांचे होते. मोठेपणी तेही लेखक झाले, आणि त्या मागे राहिलेल्या मुलाची पुढील कथा ‘काजल’ या कादंबरीत त्यांनी लिहिली.